चौथ्या रांगेतलं हसू

फोन वाजला की मी पहिल्या रिंगला उचलत नाही. तिसरी होऊ देतो. समोरच्याला वाटलं पाहिजे की माणूस कामात आहे. चाळीस वर्षं ह्या धंद्यात काढल्यावर एवढं नाटक अंगवळणी पडतं. पण त्या सकाळी चॅनेलचा नंबर दिसला आणि मी पहिल्याच रिंगला उचलला, तोही इतक्या घाईने की कपातला चहा पेटीवर सांडला. चार महिने कुठूनच बोलावणं नव्हतं. चार महिने मी घरात बसून फोनकडे बघत होतो, आणि बघत नाही असं बायकोला दाखवत होतो.

मी पेटी वाजवून लोकांना हसवणारा माणूस आहे. गातो, मध्येच थांबतो, दोन वाक्यं बोलतो, पुन्हा गातो. सुरुवात केली तेव्हा ह्याला धड नाव नव्हतं. लालबागच्या गणपतीत कार्यक्रमपत्रिकेवर 'विनोदी गायन' असं छापायचे, पाककला स्पर्धा आणि बक्षीस समारंभाच्या मध्ये. आता ह्याला स्टँडअप म्हणतात. मी आजवर मांडी घालून केलं, तरी माझ्या नावापुढे तेच लावतात. टीव्हीवर मात्र मी कायम पाहुणा. वीस वर्षं पाहुणाच. स्वतःचा कार्यक्रम मिळाला नाही. सोफ्याच्या डाव्या टोकाला बसायचं, इतरांच्या विनोदांवर गुडघ्यावर थाप मारून हसायचं आणि शेवटी सूत्रसंचालकाने "सर, एक होऊन जाऊ दे" म्हटलं की पेटी पुढे ओढायची. ह्याचा मला राग नाही असं मी मुलाखतींत सांगतो. राग आहे.

फोनवरची मुलगी माझ्या मुलापेक्षा लहान असावी. भराभर बोलत होती. जुन्या विनोदी कलाकारांचा खास भाग करतायत, प्रत्येकाने घरच्या माणसाला घेऊन यायचं, तुमचं ते झोपेचं गाणं तर हवंच सर, मॅमना सोफ्यावर बसवू, गाणं चालू असताना एक कॅमेरा फक्त त्यांच्यावर ठेवू. मी हो म्हटलं. दम घ्यायलाही थांबलो नाही. मॅम तेव्हा आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या आणि त्यांना कुणी काही विचारलेलं नव्हतं.

ते झोपेचं गाणं म्हणजे माझी सगळी कमाई. बाकी शंभर गाणी केली, लोकांना एकच आठवतं. बारा वाजून गेले तरी बायको उठत नाही, आणि नवरा बिचारा घरभर फिरतो, एवढीच त्यातली गोष्ट.

बारा वाजले घड्याळात, उठली सारी चाळ,
आमची राणी गोधडीतून म्हणते, झाली का सकाळ?

ह्या ओळीनंतर मी पेटीवर घोरायचो. ती माझी स्वतःची युक्ती. खालच्या सप्तकातला सा आणि त्याला चिकटलेला कोमल रे, दोन्ही अर्धवट दाबायचे आणि भाता अगदी सावकाश ओढायचा. लाकडाच्या खोक्यातून हुबेहूब माणूस घोरतो. मग बोटं उचलायची आणि एक मात्रा गप्प राहायचं. त्या एका मात्रेत काय होतं त्यावर माझा संसार उभा आहे.

त्या मात्रेत माझी बायको हसायची. प्रेक्षकांत बसून. पहिल्या तीन रांगांत पाहुणे, देणगीदार आणि त्यांची आळसावलेली माणसं असतात, ती हसत नाहीत, ती पंखा कुठे आहे ते बघतात. खरे प्रेक्षक चौथ्या रांगेपासून सुरू होतात, म्हणून ती चौथ्या रांगेत, मधल्या वाटेला लागून असलेल्या खुर्चीवर बसायची. तिचं हसू गोड वगैरे नाही. आधी नाकातून एक फुस्स, मग वरच्या पट्टीत तीन ठोके, मग दम लागल्यासारखं लांबलचक. शेजारची बाई आधी तिच्याकडे बघून हसायची, मग माझ्याकडे बघून. तिथून मागच्या रांगा, मग बाल्कनी. दादरच्या मोठ्या थिएटरात आणि गिरगावातल्या पंख्यांच्या खडखडाटाच्या हॉलमध्ये, सगळीकडे मी ते हसू वापरलं. एका मेणबत्तीने अख्खी दीपमाळ पेटवावी, तसं.

तिला मी शोधलं तेच त्या हसण्यावरून. आमच्या पलीकडच्या चाळीत राहायची. धंद्यात चार वर्षं झाली असताना गणपतीतल्या एका कार्यक्रमात अंधारातून ते फुस्स आलं आणि मागोमाग अख्खा मांडव हसला. कार्यक्रम संपल्यावर मी मांडवात हिंडून ती कोण ते विचारत होतो. वर्षाच्या आत लग्न झालं. ती तेव्हा नर्सिंग संपवून परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात लागली होती.

आता इथे एक गोष्ट सरळ सांगून टाकतो, कारण ती सांगायला मी आजवर टाळाटाळ केली आहे. माझी बायको दुपारी झोपायची कारण तिला नाइट असायची. बारा वर्षं तिने जवळजवळ सतत रात्रपाळ्या केल्या. इतर नर्सेसना नाइट नको असे, ही मागून घ्यायची. सकाळी नऊला घरी, आल्यावर स्वयंपाक, माझे वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, त्यांची अंघोळ, मुलाचा डबा, मग अकरा-साडेअकराला ती गोधडीत शिरायची आणि तीनच्या ठोक्याला उठायची. त्या काळात मी नाव काढत होतो. नाव निघायला वेळ लागतो आणि तोवर कुणाच्यातरी पगारावर जगावं लागतं. आम्ही तिच्या पगारावर जगलो.

आणि नाइट ती का मागून घ्यायची? माझे कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाला सुरू व्हायचे म्हणून. चौथ्या रांगेत येऊन बसता यावं म्हणून. मध्यंतर झालं की ती पर्स उचलून थेट ड्युटीवर जायची. त्यामुळे झोपेचं गाणं मी कायम मध्यंतराआधी घेत आलो. नवीन मुलं विचारतात, सर, सगळ्यात मोठं गाणं तुम्ही शेवटी का ठेवत नाही? मी त्यांना प्रेक्षकांच्या मानसशास्त्रावर अर्धा तास व्याख्यान देतो. खरं कारण हे, की मध्यंतरानंतर हसायला बायको नसायची.

तर मी आतल्या खोलीत गेलो, तारीख सांगितली आणि कुठली साडी नेस तेही सुचवलं. ती उशीच्या अभ्र्याची घडी घालत होती. घडी पुरी केली आणि म्हणाली, "मी नाही येणार."

मला वाटलं, गुडघे. म्हटलं, गाडी पाठवतायत, जिना नाही, लोअर परळलाच आहे, दहा मिनिटांत पोचू. ती म्हणाली गुडघ्यांचं नाही. मग कशाचं, तर तिने पुढचा अभ्रा घेतला. पस्तीस वर्षांत तिने मला कार्यक्रमाला नाही म्हटलेलं मला आठवत नाही. बाळंतपणानंतर दीड महिन्याने ती चौथ्या रांगेत होती. मी तिथेच उभा राहिलो, पलंगाच्या कठड्यावर बोटं वाजवत, आणि तिने बोटांकडे बघितल्यावर ती थांबवली.

पुढचे तीन दिवस मी तिला सुखाने राहू दिलं नाही. आमची जुनी चाळ पाडून तिथेच टॉवर झाला, त्यात चौदाव्या मजल्यावर आम्हाला दोन खोल्या आणि हातभर गॅलरी मिळाली. तेवढ्यात माणूस फिरून फिरून किती फिरणार? मी फिरलो. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायचो, बाहेर येऊन टीव्ही लावायचो, बंद करायचो, पेटी उघडायचो, एक तान घेऊन मिटायचो. लिफ्टने खाली जाऊन, वॉचमनशी चार शब्द बोलून पुन्हा वर. प्रत्येक फेरीला एक नवीन मुद्दा. पहिल्या दिवशी लाडीगोडी केली. दुसऱ्या दिवशी मुलाला ठाण्याला फोन लावला, म्हटलं आईला समजाव. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, तुम्ही हो म्हणायच्या आधी तिला विचारलं होतंत का?" मी फोन ठेवला. हल्लीची मुलं भलतीकडेच बोट ठेवतात.

तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, चार महिन्यांनी एक बोलावणं आलंय, तेही तुला बघवत नाही. म्हटलं, ह्या वयात एकदा सुटलं की पुन्हा कुणी विचारत नाही, तुला कळतंय का मी कुठे उभा आहे? आणि शेवटी ते बोललो जे बोलायला नको होतं. म्हटलं, माझ्या त्या गाण्यामुळे अख्खा महाराष्ट्र तुला ओळखतो.

ती कणीक मळत होती. हात धुतले, पुसले आणि ओट्याला टेकून उभी राहिली. वॉर्डात ती अशीच उभी राहत असेल, नातेवाइकांना काही सांगायचं असलं की.

"मला कुठे ओळखतो?" ती म्हणाली. "पस्तीस वर्षं लोक विचारतायत, काय वहिनी, झोप झाली का. भाजीवाला विचारतो. तुमच्या मित्रांच्या बायका विचारतात. मी रिटायर झाले त्या दिवशी मेट्रनने भाषणात तेच सांगितलं आणि सगळा हॉल हसला. मीपण हसले. त्या तर माझ्याबरोबर नाइट केलेल्या बायका होत्या हो."

त्या समारंभाला मी होतो. पहिल्या रांगेत, पाहुणा म्हणून. मेट्रनबाईंनी माझं गाणं काढलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मी उठून नमस्कारही केला होता. हे मला आठवलं आणि मी तिथून गॅलरीत गेलो, पण गॅलरीत गेल्याने काही होत नाही.

मला शरम वाटली, हे खरं. पण मी कलाकार आहे, मला शरम वाटली की मी त्या शरमेचंही काहीतरी करायला बसतो. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मी पेटी घेऊन बसलो आणि दहा वाजेपर्यंत त्या गाण्याला एक नवा अंतरा जोडला. चाल तीच, लय निम्मी केली, शेवटी दोन सूर कोमल. तिला समोर खुर्चीवर बसवलं आणि गायलो.

रात्रभर जी जागत होती परक्यांच्या उशाशी,
तिची झोप मी विकत बसलो, धरून पेटी उराशी.

शेवटच्या सुरावर मी डोळे मिटून घेतले आणि खोटं कशाला बोलू, मनात म्हटलं, जमलं. मला तो सोफा दिसत होता, तिच्यावरचा कॅमेरा दिसत होता, सूत्रसंचालक डोळे पुसत उठून उभा राहिलेला दिसत होता. आता तर ती येणारच.

डोळे उघडले तर ती माझ्याकडे नुसती बघत होती.

"हसवून झालं," ती म्हणाली, "आता रडवणार माझ्यावर?"

मी म्हटलं, अगं, हे तुझ्या बाजूचं आहे. ती म्हणाली, बाजू कसली, हे गायलात तर आणखी मोठं होईल, मग लोक विचारतील, वहिनी, जागरण झालं का? आणि उठून गेली. मला त्या वाक्यावर हसू आलं आणि ते लपवावं लागलं, कारण टायमिंग अगदी अचूक होतं. मी असतो तर तिथेच थांबलो असतो.

दुपारी जेवताना तिने आपणहून विषय काढला. झोपेचं गाणं घेणार नसाल, जुनं नाही नि नवीनही नाही, तर येते म्हणाली. नाहीतर तुम्ही मला ह्या घरात बसू देणार नाही. मी वचन दिलं. ताटावर हात ठेवून दिलं. लगेच चॅनेलच्या मुलीला फोन केला आणि सांगितलं की ते गाणं सोडून दुसरं काहीही घेऊ, माझ्याकडे नवीन पुष्कळ आहे. ती म्हणाली, ओके सर, बघू. ह्या धंद्यात 'बघू' म्हणजे नाही. मला ते चांगलं ठाऊक होतं. बायकोला मी सांगितलं की ते हो म्हणाले.

स्टुडिओ एका बंद गिरणीच्या आवारात आहे. आत गेलं की एसी असा की हाडं गारठतात आणि दिवे असे की कातडी भाजते. बायको मोतिया रंगाच्या साडीत सोफ्यावर माझ्या शेजारी बसली, पाय जुळवून, पर्स मांडीवर. एका मुलाने येऊन तिच्या पदराला माइक लावला तेव्हा तिने मान वळवून त्याला नीट लावू दिला, इंजेक्शनला हात पुढे करावा तसा. समोर प्रेक्षक म्हणून वीस-बावीस वर्षांची पोरं आणून बसवलेली. त्यांच्यासमोर एक माणूस उभा असतो, त्याने हात वर केला की टाळ्या, दोन्ही हात हलवले की हसायचं.

मी नवीन गाणी काढली. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचं भजन घेतलं. लिफ्टमधल्या बाईच्या आवाजावरचं पद घेतलं. पोरं हात हलवल्यावर हसत होती आणि हात खाली आला की गप्प होत होती. मला ते कळतं. चाळीस वर्षांनी हसण्याचं वजन कानाला कळतं. सूत्रसंचालकाने घड्याळाकडे बघितलं. माझ्या कपाळावर घाम आला, एवढ्या गारठ्यात. आणि मग तो हसत माझ्या बायकोकडे वळला, म्हणाला, वहिनी इथे आहेत आणि ते गाणं झालं नाही तर महाराष्ट्र आम्हाला माफ करणार नाही. समोरच्या त्या माणसाने हात वर केला. टाळ्या.

बोटांनी आपोआप सूर धरला, असं मी घरी सांगायचं ठरवलं होतं. ते खरं नाही. मी धरला. मी तिच्याकडे न बघता पेटी जवळ ओढली, आणि ओढताना मला पूर्ण कळत होतं की मी काय करतोय. मला फक्त एवढंच वाटत होतं की हे एकदा चालू दे. नंतरचं नंतर बघू.

बारा वाजले घड्याळात. घोरणं वाजवलं. बोटं उचलली.

आणि काही झालं नाही. ती एक मात्रा गेली, दुसरी गेली. हात हलवणारा माणूस कुणाशीतरी कानातल्या यंत्रावर बोलत होता. पोरं माझ्याकडे बघत होती, काही बायकोकडे बघत होती. त्यांना ह्यात हसण्यासारखं काय ते कळत नव्हतं. एक बाई झोपते, बरं मग? त्या शांततेत मला दिव्यांची गुणगुण ऐकू आली. चाळीस वर्षांत ती मला कधी ऐकू आली नव्हती. मला वाटलं, संपलं. इथेच, ह्या गाण्यावर.

तेव्हा शेजारून नाकातलं फुस्स आलं. मग वरच्या पट्टीत तीन ठोके. मग ते लांबलचक, दम लागल्यासारखं. पहिल्या बाकावरची एक मुलगी तिच्याकडे बघून हसली, तिची मैत्रीण हसली, आणि मग सगळी पोरं, हात न हलवता, खरंखुरं. सूत्रसंचालक सोफ्यावर आडवा झाला. मी दुसरा अंतरा घेतला, तिसरा घेतला. प्रत्येक ठिकाणी ती आपल्या जागेवर हसली. एकही जागा चुकली नाही.

परतताना गाडीत मी पुढच्या सीटच्या पाठीवर बोटं वाजवत होतो. ती खिडकीबाहेर बघत होती. परळच्या पुलावर सिग्नल लागला तेव्हा मी म्हटलं, चुकलो. ती हं म्हणाली. मी म्हटलं, मग हसलीस का?

"पडत होतात," ती म्हणाली.

आमच्या भाषेत पडणं म्हणजे गाणं पडणं, कार्यक्रम पडणं. हा शब्द तिने माझ्याकडूनच उचललेला. मी विचारायला नको होतं, पण मला राहवेना. मी विचारलं, आणि इतकी वर्षं? ड्रायव्हरने आरशात बघितलं. सिग्नल सुटला.

"पहिल्यांदा गणपतीत हसले ते खरं होतं," ती म्हणाली. "नंतर तुमच्या कपाळाकडे बघायचे. घाम आला की हसायचे."

घरी येऊन तिने साडी बदलली आणि भात लावला. मी चॅनेलच्या मुलीला फोन केला, म्हटलं ते गाणं कापा, बाकी सगळं ठेवा. ती म्हणाली, सर, काय बोलताय, तोच तर एपिसोड आहे, आणि मॅमचं हसणं किती खरं आहे.

रविवारी दुपारी तो भाग लागला. मी बघणार नव्हतो. ती म्हणाली, लावा, लपवून काय होणार? आम्ही दोघं शेजारी बसून बघितला. गाणं आलं, घोरणं आलं, आणि पडद्यावर तिचा चेहरा आला, टीव्हीभर. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या गाण्यावर हसताना मी तिला कधी पाहिलेलंच नाही. स्टेजवरून दिव्यांपलीकडे काही दिसत नाही. पस्तीस वर्षं मी फक्त आवाज ऐकला. तोंड हसत होतं, खांदे हलत होते, दातसुद्धा दिसत होते. डोळे मात्र हसत नव्हते. ते माझ्यावर होते, जागे, अगदी लक्ष देऊन, सलाइनचा थेंब पडतोय की नाही बघावं तसे. ती ड्युटीवर होती. माझ्यासाठीची ड्युटी संध्याकाळची आणि मग हॉस्पिटलची रात्रीची, अशी बारा वर्षं रोज दोन ड्युट्या करून ती दुपारी चार तास झोपायची आणि त्यावर मी गाणं केलं होतं.

मला रडू आलं. मी ते तिला दिसू दिलं नाही, कारण तिला वाटलं असतं की मी आता ह्याचंही काहीतरी करणार. आणि तसं वाटण्यात तिची काही चूक नव्हती.

फोन वाजत राहिले. सोसायटीतले, मुलाचे, जुन्या वादकांचे. चॅनेलच्या मुलीचाही आला, आठवडाभराने. पुढच्या पर्वात दर महिन्याला दोघांनी मिळून यायचं म्हणाली. मी तिसऱ्या रिंगला उचलला होता. मी सांगितलं, मी येईन, बायको येणार नाही, आणि ते गाणं बंद केलं आहे. दोनदा सांगावं लागलं. ती म्हणाली, ओके सर, बघू.

अजून बघतायत. कार्यक्रम मात्र अधूनमधून येतात, वाढदिवसांचे, ज्येष्ठ नागरिकांचे, एखाद्या मंडळाचे. लोक ते गाणं मागतात, मी म्हणत नाही. चौथ्या रांगेतल्या त्या खुर्चीवर कुणीतरी भलताच बसलेला असतो. मी थांबायच्या जागी थांबतो, कपाळ पुसतो आणि पुढे जातो, काय करणार. दादरला पडलो. गिरगावात दोनदा पडलो. घरी आलो की ती विचारते, कसा झाला? मी म्हणतो, पडलो. ती म्हणते, हातपाय धुवा, पान वाढते.